हस्तांतरण कशाचे?

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती सिद्ध केल्या. विद्यापीठाच्या विस्तार अधिकाऱ्याला तंत्रज्ञानाचे हस्तांतरण म्हणजे असे वाण बांधावर पोचविणे; त्याच्या निष्ठेविषयी शंका नाही. परंतु शेजारच्या उरण तालुक्यात ‘हस्तांतरण’ हा शब्द निराळ्याच अर्थाने रुळला. १९७० पासून नवी मुंबईसाठी येथील जमिनी संपादित झाल्या, द्रोणागिरी उपनगर आखले गेले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले, तेव्हा कोठे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. भूखंडात भात पिकत नाही! २००१ च्या कायद्याने बियाणे राखून पुन्हा पेरण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. द्रोणागिरीच्या शेतकऱ्याने ते कोठे पेरावे, हे विस्तार अधिकाऱ्याने अहवालाच्या कोणत्या रकान्यात लिहावे?