जिल्हे किती, यापेक्षा जिल्हा होतो कसा?

"महाराष्ट्रात जिल्हे किती?" "छत्तीऽऽस!" वर्ग एका सुरात ओरडतो. परवा मात्र एका मुलीने विचारलं, "सर, जिल्हा बनवतं कोण?" खरं सांगतो, क्षणभर मीच अडखळलो. आपण संख्या पाठ करून घेतो, प्रक्रिया सांगत नाही.

शिक्षक मित्रांनो, पालकहो, ही प्रक्रिया मुलांना समजेल इतकी सोपी आहे. नवीन राज्य करायचं तर संविधानाच्या कलम ३ नुसार संसदेचा कायदा लागतो. जिल्ह्याचं तसं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ नुसार राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून जिल्ह्याच्या, तालुक्याच्या हद्दी ठरवतं आणि बदलतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातले आठ तालुके वेगळे होऊन पालघर हा ३६ वा जिल्हा झाला.

याच कलमात एक महत्त्वाची अट आहे. अंतिम अधिसूचनेआधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि मुदतीत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्या लागतात. लोकांचं मतदान घ्यावं असं त्यात कुठेही नाही. म्हणजे या कलमाने सामान्य माणसाला बोलायला दिलेली जागा एवढीच. ती मुदत गेली की गेली!

यात आपलं काय जातं, असं वाटेल. पालघरच्या वेळी मुख्यालय जव्हारला हवं, अशी डोंगरातल्या लोकांची मागणी होती. मुख्यालय पालघरला झालं. कलेक्टर ऑफिसात काम निघालं की मोखाड्याच्या माणसाचा दिवस कुठे जातो, हे नकाशा उघडून मुलांनाच शोधू द्या. आणि आपण जिल्हा परिषदेचे शिक्षक! जिल्हा फुटला की आपली सेवाज्येष्ठता यादीही फुटते.

प्रत्येक मागणी मान्य व्हावी असं मी म्हणत नाही. नव्या जिल्ह्याला कार्यालयं, माणसं, पैसा लागतो. पण हरकत कशी घ्यायची, हे शिकवायला काय हरकत आहे? पुढच्या पत्रलेखनाच्या तासाला मुलांना विषय द्या : 'आमचं गाव दुसऱ्या तालुक्यात घालण्याबाबत हरकत'. पत्रात कारणं मुद्देसूद हवीत आणि तारीख मुदतीच्या आतली हवी. छत्तीसचा आकडा उद्या बदलेलही, हे पत्र मात्र मुलांना जन्मभर उपयोगी पडेल.