आधी पत्ता नीट लिहू या

बेळगावात पितळेच्या पातेल्याला कल्हई करून घ्यायची असेल तर माणूस काय करतो? जुना बेळगावकर असेल तर शेजारच्या काकूंना विचारतो. काकू सांगतात, "खडेबाजारातनं आत वळ, पिंपळ लागंल, तिथं कुणालाबी विचार." झालं काम. पण गेल्या वर्षी नोकरीसाठी इथे आलेल्या, नव्या लेआउटमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला शेजारच्या काकूच नाहीत. ते मोबाइल काढतात, शोधतात, काही सापडत नाही, आणि पातेलं माळ्यावर जातं.

आपलं गाव वाढतंय हे वेगळं सांगायला नको. व्हीटीयूचं मुख्यालय इथे आहे, २०१२ पासून सुवर्ण विधानसौध आहे, २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आपलं नाव आलं. दरवर्षी नवे विद्यार्थी, नव्या बदल्या, नवे फ्लॅट. ही सगळी माणसं गिऱ्हाईकं आहेत. पण त्यांची वाट मोबाइलवरून जाते, आणि आपल्या गल्लीबोळातली निम्मी दुकानं त्या वाटेवर दिसतच नाहीत. म्हणून मला वाटतं, आपल्यासारख्या साहित्याच्या मुलामुलींनी या दुकानदारांना मदत करावी. कशी करू नये, हे मी स्वतः करून बघितलंय. तेच आधी सांगते.

माझ्या मम्मीची भांडी नेहमी ज्यांच्याकडे जातात ते कल्हईवाले काका साठीच्या पुढचे आहेत. भाता, कोळसा, नवसागर, कथील आणि कापसाचा बोळा, एवढंच त्यांचं सामान. तापलेल्या भांड्यात नवसागराचा पांढरा धूर निघतो, कथलाचा तुकडा फिरतो, बोळ्याने काका तो सगळीकडे पसरवतात आणि काळं पडलेलं पातेलं आतून चांदीसारखं होतं. लहानपणापासून मी हे बघत आलेय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "काका, तुमचं दुकान गूगलवर टाकूया." ते म्हणाले, "टाक की. पैशे पडत नाहीत न्हवं?" पडत नाहीत. दुकानाची नोंद फुकट होते, फक्त दुकान खरंच तिथे आहे हे दाखवावं लागतं. आम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढून ते केलं.

मग मी लिहायला बसले. दुकानाचं नाव त्यांच्या आजोबांच्या नावाने आहे. ते मला साधं वाटलं म्हणून मी पुढे इंग्रजीत "हेरिटेज मेटल स्टुडिओ" जोडलं. वर्णनात "आर्टिझनल" आणि "क्युरेटेड" हे शब्द घातले. वेळ लिहिली सकाळी ९ ते रात्री ९, कारण ती भारी दिसत होती. आणि वर्गातल्या चौदा जणांना सांगून पाच-पाच तारे द्यायला लावले. त्यातल्या एकानेही कल्हईचं भांडं घरी नेलेलं नव्हतं. एकीने तर "वंडरफुल अँबियन्स" असं लिहिलं. कोळशाच्या भट्टीसमोर!

पंधरा दिवसांत दोन गोष्टी झाल्या. एक बाई दुपारी दोनला हिंदवाडीहून रिक्षा करून आल्या. दुकान बंद, कारण काका एक ते चार जेवायला आणि पडायला घरी जातात. बाईंनी तिथेच उभं राहून एक तारा दिला. त्यांचं काहीच चुकलं नाही. दुसरं म्हणजे एक तरुण "स्टुडिओ" बघायला आला आणि काकांनाच विचारू लागला की स्टुडिओ कुठे आहे. संध्याकाळी मी गेले तर काका म्हणाले, "काय गं पोरी, स्टुडिओ म्हणे! इथं काय फोटो काढायलोय काय मी?" ते हसले, पण मग जरा थांबून म्हणाले, "चाळीस वर्सं धंदा केलो, खोटं एक बोललो नाही गिऱ्हाईकाला. तू पंधरा दिवसांत माझ्या नावानं बोललीस."

चर्चमध्ये पापनिवेदनाला मी दरवेळी तीच ती किरकोळ पापं सांगते. हे मात्र मला त्या दिवशी खरंच लागलं. मी त्याला खोटं म्हणत नव्हते, मार्केटिंग म्हणत होते.

आम्ही सगळं पुन्हा केलं. चौदाही जणांना अभिप्राय काढायला लावले. आता मला माहीत आहे की असे अभिप्राय गूगलच्या नियमात बसत नाहीत. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, त्यातही विकत घेतलेले किंवा त्याच कामासाठी माणसं लावून लिहून घेतलेले अभिप्राय नकोत असंच म्हटलंय. पण नियम नसता तरी ते चूकच होतं. नाव पाटीवर आहे तेवढंच ठेवलं. पाटीवर नसलेले शब्द नावात घुसडणंही नियमाबाहेरच आहे. वेळ लिहिली ९ ते १ आणि ४ ते ७. नकाशावरची खूण मागच्या रस्त्यावर पडली होती, ती बोळाच्या तोंडाशी आणली. फोटो तीनच: बोळाचं तोंड, दुकान, आणि कल्हईच्या आधीचं व नंतरचं एकच पातेलं.

आणि वर्णन? ते लिहिताना आपलं मराठी उपयोगी पडलं. माणूस शोधताना काय टाइप करतो याचा मी विचार केला. मराठी घरातली बाई "कल्हई" लिहिते. कन्नड बोलणारी "कलाय" म्हणते. उत्तरेकडून आलेले "कलई" म्हणतात. "आर्टिझनल" असं कोणीच टाइप करत नाही. मग मी साध्या मराठीत लिहिलं की तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून मिळते, सकाळी दिलेलं भांडं संध्याकाळी मिळतं, मोठं भांडं असेल तर आधी फोन करा. मैत्रिणीने तेच कन्नडमध्ये लिहिलं, मी इंग्रजीत. कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर आता ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा लागतो, आणि पाटीवर कोणती भाषा किती यावर आपल्याकडे किती वाद होतात ते सगळ्यांना माहीत आहे. इथे मात्र तिन्ही भाषा भांडण न करता शेजारी बसल्या. माझ्या घरात कोकणी, कॉलेजात इंग्रजी, गल्लीत मराठी आणि बसमध्ये कन्नड चालते. दुकानाचं वर्णन तसंच झालं तर त्यात नवल काय? पण एक गोष्ट खरी: आपण लिहिलं नाही तर "कल्हई" हा शब्द तिथे कोणीही लिहिणार नाही. भाषा टिकवण्यावर आपण मंडळात भाषणं करतो. दुकानाच्या दोन ओळी हेही भाषेचंच काम आहे.

"साहित्य मंडळाने दुकानदारीत का पडावं?" असं कोणी म्हणेल. त्यांनी एकदा किर्लोस्कर रोडवरून चालून यावं. किर्लोस्करांची सुरुवात १८८८ मध्ये याच गावात एका सायकलच्या दुकानापासून झाली. पुढे कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. तिथून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठी. त्याच पत्राचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' निघालं. आपण अभ्यासात ज्यांची नावं वाचतो त्या मासिकांचं मूळ असं गिऱ्हाइकाशी नीट बोलण्यात आहे. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. सगळी दुकानं एका परदेशी कंपनीच्या नकाशावर नेऊन बसवायची, आणि मग कोणीही अनोळखी माणूस एका ताऱ्याने चाळीस वर्षांची पत खाली आणू शकतो, हे बरं आहे का? बरं नाही. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणते की काकांचं दुकान नकाशावर असो वा नसो, नवा माणूस तिथेच शोधणार आहे. तर मग तिथली माहिती खरी असू दे. आणि प्रत्येक दुकानदाराला हे हवंच असतं असं धरूनही चालू नये. काका स्पष्ट म्हणाले, "दिवसाला आठ-दहा भांडी होतात माझ्यानं. शंभर माणसं पाठवू नकोस." मदत म्हणजे गर्दी जमवणं नव्हे हे मला तेव्हा कळलं. ज्याला कल्हई हवी आहे तो, दुकान उघडं असताना, बरोबर बोळात यावा. बस्स.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना साधी आहे. महिन्यातला एक शनिवार, दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला एक दुकान. शिंपी, चपला दुरुस्त करणारे, पिठाची गिरणी, कुंदा करणारे छोटे हलवाई, कोणीही. आधी तासभर दुकानात नुसतं बसायचं, गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकायचं, मग लिहायचं. लिहिलेलं दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्याने मान हलवल्याशिवाय काहीही टाकायचं नाही. खात्याचा ताबा आणि पासवर्ड त्याच्याच घरात ठेवायचा. अभिप्राय आपण लिहायचे नाहीत, गिऱ्हाइकाला लिहू द्यायचे.

हिंदवाडीच्या त्या बाई गेल्या महिन्यात पुन्हा आल्या, या वेळी सकाळी अकराला. एक तारा अजून तसाच आहे. "काढायला सांगू का?" मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "राहू दे. त्या दिवशी बंदच होतं की."