तोंडी परीक्षा

अभियांत्रिकीचे शिक्षण सर्वांना सामावून घेणारे व्हावे असे कोणी म्हणू लागताच ‘मग दर्जाचे काय?’ असा जो सवाल तत्काळ टाकला जातो, त्याचा समाचार घेण्यापूर्वी भुसावळजवळच्या दीपनगरकडे एकवार पाहणे इष्ट होईल. तेथील औष्णिक विद्युत केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि मिनिटाला 3000 फेरे घेणारी त्यांची टर्बाइने ज्या मंडळींच्या भरवशावर फिरतात त्यांची भाषा ऐकावी: ‘मिल चोक झाली’, ‘व्हॅक्यूम पडला’, ‘संच ट्रिप झाला’. नामे इंग्रजी, क्रियापदे मराठी. आणि या धेडगुजरीपायी यंत्र अडून बसल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात (नावाचे येथे प्रयोजन नाही) तोंडी परीक्षेच्या वेळी मी हजर होतो. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात दाखल होऊन शेवटच्या वर्षापर्यंत आलेला, दीपनगरच्या आसपासच्या खेड्यातला एक मुलगा पुढ्यात उभा होता. वडील केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली. कंडेन्सरमधला व्हॅक्यूम कशाने बिघडतो, या प्रश्नावर त्याने निम्म्या लेवा बोलीत सांगावयास आरंभ केला की, वैशाखात कूलिंग टॉवरकडून येणारे पाणीच कोमट असते, मग वाफ नीट थंडावत नाही, व्हॅक्यूम पडतो आणि लोड उतरवावा लागतो. उत्तर बिनचूक होते. ‘इंग्रजीत सांगा,’ असे परीक्षकांनी फर्मावले. मुलाने एकदा छताकडे पाहिले, हातातल्या जर्नलची कड दुमडली, आणि तो जो गप्प झाला तो खोलीबाहेर जाईपर्यंत.

तंत्रविद्येचे ग्रंथ इंग्रजीत आहेत, नोकऱ्यांचे व्यवहारही इंग्रजीत चालतात, हा पूर्वपक्ष मला मान्य आहे. परंतु त्यावरून निष्पन्न होते ते इतकेच, की या मुलांना इंग्रजी शिकविली पाहिजे. ती त्यांना येतच आहे असे गृहीत धरून औष्णिकीचे ज्ञानही तिच्याच मापाने मोजावे, हे त्यातून निष्पन्न होत नाही. व्हॅक्यूमची परीक्षा म्हणून भाषेची परीक्षा घेतली जाते, तेव्हा दर्जा राखला जातो की केवळ मोजमाप चुकते?

दुसरा आक्षेप सवलतींचा. 2016 च्या कायद्याने दिव्यांगांना किमान 5 टक्के जागा दिल्या, 2024 मध्ये राज्य शासनाने मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे शुल्क माफ केले; आणखी काय हवे? हवे ते प्रवेशाच्या पलीकडले. प्रयोगशाळा जिन्यावर आणि उद्वाहन नाही, अशा इमारतीत राखीव जागेचा दाखला घेऊन चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाने कोठे जावे? आणि शुल्क माफ झाले तरी सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींना यंत्रापासून दूर ठेवण्याची जुनी सवय सुटत नाही; 1948 च्या कारखाना कायद्याने तर त्यांना सायंकाळी सातनंतर कारखान्यातच मज्जाव केला होता, आणि सुरक्षिततेची सबब तेव्हाही पुढे होतीच.

2021 पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा मिळाली, हे चांगलेच झाले. तथापि मराठीची निराळी तुकडी काढून मुलांना तीत बाजूला बसविणे मला पसंत नाही. वर्ग एकच असावा, संज्ञा इंग्रजीच राहाव्यात (टर्बाइनला ‘चक्की’ म्हणण्याचा सोस मला नाही), मात्र स्पष्टीकरण ज्याला ज्या भाषेत साधेल त्या भाषेत देण्याची मोकळीक तोंडी परीक्षेत तरी लेखी हुकुमाने असावी. आणि पहिल्या वर्षाचे गणित न शिकता थेट तिसऱ्या सत्रात उतरणाऱ्या पदविकाधारकांसाठी त्याची स्वतंत्र तजवीज व्हावी. खानदेशच्या विद्यापीठाने 2018 पासून बहिणाबाई चौधरींचे नाव धारण केले आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या बोलत गेल्या आणि इतरांनी टिपून घेतले, म्हणून त्या आपल्याला मिळाल्या. त्या विद्यापीठाच्या मुलखात तरी बोलणाऱ्याला गप्प करताना संकोच वाटावा.

जाता जाता एक सांगतो. त्या दिवशी परीक्षा आटोपल्यावर चहा घेताना त्याच परीक्षकांनी, घरचा कूलर वैशाखात गार हवा देतो आणि पावसाळ्यात का देत नाही, हे मला हवेतल्या ओलाव्यापासून आरंभ करून, बशीत चहा ओतीत ओतीत, अस्खलित मराठीत समजावून दिले.