जेट बोटीची केबल: जोड नको, नवीच हवी

जेट बोटीला सुकाणूचे पाते नसते. पंप पाणी ओढून मागच्या नोझलमधून जोरात फेकतो आणि स्टिअरिंगची केबल ते नोझल वळवते. केबल तुटली की चाक फिरते, बोट वळत नाही.

तुटलेल्या केबलला जोड देण्याचा जुगाड म्हणूनच नको. ही केबल ओढते तशी ढकलतेही. ढकलताना जोड वाकतो. त्याच लांबीची नवी केबल टाकावी आणि चाक मधोमध असताना नोझल सरळ राहते का, हे पाहावे.

केबल सहसा आधी इशारा देते. आवरणात पाणी शिरते, तार गंजते, चाक जड होते. कोकणात पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. तपासणी तेव्हाच उरकावी. नव्या केबलचा खर्च मालकाचा, पण तुटलेल्या केबलची किंमत प्रवासी मोजतो.