गोष्ट ऐकली, डोळे पुसले, पुढे काय?

मानवी हक्कांचं काम म्हटलं की हल्ली आधी गोष्ट मागितली जाते. मध्यंतरी विठ्ठलवाडीतल्या आमच्या वस्तीत एका संस्थेची मंडळी कॅमेरा घेऊन आली. सेप्टिक टँकमध्ये नवरा गेलेल्या एका ताईंना त्यांनी तोच प्रसंग तीनदा सांगायला लावला. तिसऱ्यांदा ताई रडल्या, तेव्हा त्यांचं शूटिंग संपलं. ठेकेदार कोण, मास्क का नव्हता, भरपाई मिळाली का, हे एकानेही विचारलं नाही. मंडळी गेल्यावर ताईंनी आम्हाला विचारलं, "भाऊ, आता ह्याचं पुढं काय होणार?"

अनुभव सांगण्याला आमचा विरोध नाही. तसा असता तर तो बाबासाहेबांनाच विरोध ठरला असता. परदेशी वाचकाला अस्पृश्यता कळावी म्हणून 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतःवर आणि इतरांवर गुदरलेले प्रसंगच मांडले. पहिला प्रसंग १९०१ चा. साताऱ्याहून निघालेली चार मुलं वडिलांकडे गोरेगावला जाण्यासाठी मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कोणी आलेलं नसतं. नीटनेटक्या कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुलं वाटतात. त्यांची अवस्था पाहून तो कळवळतो. मग मुलं सांगतात, आम्ही महार. त्याचा चेहराच पालटतो. पुढे बैलगाडी मिळते ती दुप्पट भाड्याने, आणि मुलांनीच हाकायच्या अटीवर. गाडीवान बाजूने चालत येतो.

स्टेशनमास्तरकडे सहानुभूती होती. जात कळेपर्यंत होती. सहानुभूतीच्या जोरावर मानवी हक्क मिळवू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये. बाबासाहेबांनी त्या मुलांच्या रडण्याचं वर्णन करून वाचकाला मोकळं सोडलं नाही. कोण कसं वागलं, किती पैसे घेतले, कोणती अट घातली, हे सगळं नोंदवलं. म्हणून तो प्रसंग वाचताना एक माणूस वाईट होता असं म्हणून सुटता येत नाही, अख्खी व्यवस्था समोर उभी राहते.

आमचे काही मित्र म्हणतात, मन हेलावल्याशिवाय समाज बदलत नाही. मन हेलावू द्या की! पण तिथेच थांबू नका. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. तरी २०१९ मध्ये गोवंडीत सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने ही भरपाई देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. गोवंडीच्या बायांनीही आपली गोष्टच सांगितली होती. पण ती दया मागायला नव्हे, हक्क मागायला सांगितली होती.

म्हणून यापुढे वस्तीत गोष्ट ऐकायला येणाऱ्यांना आम्ही तीन प्रश्न विचारणार. ही गोष्ट कुठे दाखवणार? सांगणाऱ्याने नको म्हटलं तर काढणार का? आणि तिच्यातल्या मागणीसाठी आमच्यासोबत कचेरीची पायरी चढणार का?

ताईंच्या भरपाईचा अर्ज आम्ही लिहायला घेतला आहे. ज्यांनी त्यांचा व्हिडिओ पाहून डोळे पुसले, त्यांनी अर्ज द्यायला सोबत यावं.

जय भीम!