जुन्या वस्तूंची पारख : पिस्तुलाच्या मुठीतील डबी

वाचकांच्या हाती जे आहे त्यास आपण मासिक म्हणतो. इंग्रजीत त्यास मॅगझिन म्हणतात. शब्द मूळचा अरबी, अर्थ कोठार. लंडनमध्ये १७३१ साली ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघाले आणि लेखांच्या कोठारास हे नाव पडले; दारूगोळ्याच्या कोठारास ते त्याआधीच होते. पिस्तुलाच्या मुठीत सरकवावयाची, सात-आठ काडतुसे पोटात धरणारी जी स्प्रिंगची डबी असते तिलाही मॅगझिनच म्हणतात. आज या दुसऱ्या मॅगझिनविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. वाचकांत शस्त्रांची आवड उत्पन्न करावी हा आमचा हेतू नव्हे. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणे शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच ठरतात. परंतु पाश्चात्त्य देशांतील संग्राहकांनी अस्सल व नक्कल यांचा जो बारीक विचार या डबीपायी केला आहे, तो जुन्या वस्तू जपणाऱ्या कोणत्याही घरास उपयोगी पडावा असा आहे.

पिस्तुलाचे इतर भाग जागच्या जागी राहतात. डबी मात्र क्षणात निघते. म्हणून हरवते तीच, बदलते तीच आणि खोटी घातली जाते तीही तीच. जर्मनीचे सुप्रसिद्ध लूगर पिस्तूल घ्या. १९०८ साली जर्मन लष्कराने ते स्वीकारले. त्याच्या डबीत आठ काडतुसे मावत. प्रत्येक पिस्तुलाबरोबर दोन डब्या दिल्या जात व दोन्हींच्या बुडावर पिस्तुलाचाच क्रमांक ठोकलेला असे. राखीव डबीवर क्रमांकाशिवाय अधिकाची एक खूणही असे. पिस्तूल आणि त्याच्या दोन्ही डब्या आजवर एकत्र राहिल्या असतील, तर असे त्रिकूट संग्राहकांस परम दुर्लभ वाटते.

तथापि केवळ आकडा जुळला म्हणजे काम झाले, असे नाही. कारखान्यांत क्रमांक वर्षारंभी पुन्हा एकपासून सुरू होत आणि दर दहा हजारांस पुढचे रोमन अक्षर जोडले जाई. तेव्हा तोच आकडा अनेक पिस्तुलांवर सापडणे अगदी स्वाभाविक. अक्षर जुळले पाहिजे आणि डबीची घडणही त्या सालाशी जुळली पाहिजे. पहिल्या महायुद्धातील डबी पत्रा दुमडून केलेली, निकेलचा मुलामा दिलेली व लाकडी बुडाची असे. त्या युद्धानंतर ॲल्युमिनियमचे बूड आले. दुसऱ्या महायुद्धात सुल येथील हेनेल कारखान्याने सांध्यावाचून ओढून काढलेल्या, काळसर निळ्या रंगाच्या डब्या केल्या. त्यांवर कारखान्याच्या नावाऐवजी ‘एफएक्सओ’ हा सांकेतिक शिक्का आढळतो. १९१७ सालच्या पिस्तुलात ॲल्युमिनियमच्या बुडाची डबी असेल, तर ती मागाहून आलेली, हे सांगावयास आकडा पाहण्याचीही गरज नाही.

लूगरच्या जागी आलेल्या वाल्थर पी-३८ ची कथा निराळी. युद्धकाळातील त्याच्या डब्यांवर गरुडाचा तपासणी-शिक्का असे. पण पिस्तुलाचा क्रमांक डबीवर घालण्याची जुनी रीत पुढे सरसकट राहिली नाही. १९५७ पासून पश्चिम जर्मनीच्या सैन्यासाठी हेच पिस्तूल पुन्हा तयार होऊ लागले आणि त्याची डबी जुन्या पिस्तुलातही बसते. बसते म्हणून ती त्याचीच, असे समजणारा फसलाच म्हणावयाचा.

अमेरिकन लष्कराच्या १९११ सालच्या कोल्टची डबी सात काडतुसांची. आरंभीच्या डब्यांच्या बुडाला दोरी अडकवावयाची कडी असे. पहिल्या महायुद्धातील डबीचा वरचा भाग पांढुरका व खालचा निळसर, असे दोन रंग दिसतात. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल अनेकांनी केले. टंकलेखन-यंत्रांच्या रेमिंग्टन रँडने पावणेनऊ लाखांवर केली. आपल्या घरोघरी शिलाई-यंत्रामुळे ठाऊक असलेल्या सिंगरने अवघी ५००. या डब्यांवर पिस्तुलाचा क्रमांक नसतोच. तेव्हा ‘ही डबी याच पिस्तुलाची’ असे कोणी छातीठोकपणे म्हणू लागला, तर त्यास तसा पुरावा काय, हे विचारावे. ‘ही त्या काळची व त्या घडणीची’ इतकेच प्रामाणिक माणूस सांगू शकतो.

जेथे जुळण्याला किंमत, तेथे जुळवून देणारे असतातच. जन्मवेळ चार पळे मागेपुढे सरकवून पत्रिका जुळविणारे महाभाग आपल्या ओळखीचे आहेत. त्यांचेच हे भाऊबंद जुन्या डबीच्या बुडावरील आकडा घासून काढतात व तेथे हवा तो ठोकतात. परंतु घासलेली जागा किंचित खोलगट होते, नव्या ठशाच्या कडा धारदार राहतात, आणि आजूबाजूस सत्तर-ऐंशी वर्षांची झीज असता आकडा मात्र तेवढा कोरा दिसतो. जाणत्यास भिंगातून हे कळते. दुःखाची गोष्ट ही की, या लबाडीत खऱ्या पिस्तुलाचा खरा इतिहास पुसला जातो तो कायमचा.

युद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैनिकांनी अशी पिस्तुले घरी नेली. कित्येकांजवळ वरिष्ठांच्या सहीचा परवानगीचा कागदही असे. रणांगणात हाती लागली ती डबी त्यांनी मुठीत सरकविली. पुढे एखाद्याच्या पश्चात ट्रंक उघडली जाते, तेव्हा क्रमांक न जुळणारी डबी निघते. वारसांस वाटते, ही बदलून जुळणारी आणावी. आमच्या मते हीच मोठी चूक. न जुळणारी ती डबी व तो कागद मिळून त्या सैनिकाची हकीकत सांगतात. विकत आणलेली जुळणारी डबी काहीच सांगत नाही.

आपल्या माळ्यावर पिस्तुले नाहीत, पण नावे घातलेली तांब्या-पितळेची भांडी आहेत, पोथ्या आहेत, घड्याळे आहेत. पणजीच्या नावाच्या डब्यावर आत्याच्या नावाचे झाकण बसले असेल, तर ते तसेच राहू द्यावे. त्यावर नवे नाव कोरवून घेऊ नये. जुने घासूनपुसून लखलखीत करण्याआधी, ते कोणाचे व कोठून आले, हे घरातील वडील मंडळींस विचारून चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी वस्तूपाशीच ठेवावी. खोट्या जुळणीपेक्षा खरी विजोड बरी.