दर्या काय आपल्या बापाचा?

गेल्या महिन्यात आळंदहून फोन आला. आळंदी नव्हे, आळंद. ज्ञानेश्वरांची आळंदी पुण्याजवळ. हे आळंद कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात (आपल्या तोंडात अजून गुलबर्गाच बसलंय), उमरगा आणि अक्कलकोटच्या शेजारी. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. आपण गोव्यातली माणसं गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला जातो आणि भीमा-अमरजेच्या संगमावर तीन बुड्या मारून पुण्यवान होऊन परततो ना, त्यातली अमरजा या आळंद तालुक्यातून येते. मास्तरांची आणि माझी ओळखही गाणगापूरचीच, एका धर्मशाळेच्या ओट्यावरची. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, विज्ञानाचे. घरी थोडी शेती, तुरीची.

मास्तर म्हणाले, "तुमी दर्याकाठचे, म्हणून विचारतो बगा. हिवाळा संपायच्या आत अंदमानला जाणार हाव आमी. बोटीतनं उडी नको, किनाऱ्यावरनं चालत पाण्यात शिरायचं आन् डायव्हिंग करायचं. भरती-ओहोटीचं कसं धरायचं, सांगा की ओ."

मला घाम फुटला. मी डिचोलीचा. भरती कधी येते हे मला वर्तमानपत्रात छापून आलं तरच कळतं, आणि तो कोपरा मी कधी वाचत नाही. "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी आमच्या नेहमीच्या बैठकीत हा किस्सा सांगितला तर हशा पिकला. एक जण म्हणाला, "घांट्यांना आता डायव्हिंग पण पाहिजे काय?" त्या हशात मीही होतो. घरी आल्यावर मात्र तो हशा घशात अडकला, म्हणून हे लिहायला बसलो.

घांटी. हा शब्द आपण किती सहज वापरतो! घाटावरून आला तो घांटी, मग तो सोलापूरचा असो, विजापूरचा असो की आळंदचा. दरवर्षी मोसमात एखादा पर्यटक बुडाल्याची बातमी आली की आपला शेरा तयार असतो: "घांट्यांना समुद्र कळत नाही." लाल बावटा लावलेला असताना, पोटात दारू असताना पाण्यात शिरणारे असतात, नाही असं नाही. २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले गेले ते हौसेखातर नव्हे. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की हे म्हणणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना समुद्र कळतो?

मराठी वाचणारे, लिहिणारे आपण बरेचसे फोंडा, डिचोली, सत्तरी, सांगे इथले. या तालुक्यांना समुद्रकिनाराच नाही. आपला समुद्र म्हणजे रविवारी मिरामारला भेळ खाणं आणि कविसंमेलनात सूर्यास्त. आज भांगाची भरती की उधाणाची, हे विचारलं तर संमेलनाच्या मंडपात किती हात वर होतील? समुद्र कळतो तो रापणकाराला, खारव्याला. खडकांवरची शिनाणी काढायला छातीत श्वास कोंडून खाली जाणाऱ्या माणसाला. त्याला आपण कधी 'डायव्हर' म्हटलंय? आपल्याला तो आठवतो तो शिनाण्यांचा भाव वाढल्यावर. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी मुरगावजवळच्या सुंची रीफवर बुड्या मारून पोर्तुगीज काळातल्या फुटलेल्या जहाजाचे अवशेष शोधले. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, लोखंडी तोफा. आपल्या दारातलं हे सगळं! त्यावर मराठीत एखादी कादंबरी तरी माझ्या वाचनात आलेली नाही. आपण दर्याचे मालक आहोत, पण मुंबईत राहून गावातल्या जमिनीचे मालक असतात तसे.

आणि आपण स्वतः पाण्यात उतरतो तेव्हा काय करतो? मी उतरलोय, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत पाहुण्यांबरोबर ग्रँड आयलंडला गेलो. पॅकेज होतं: बोट, नाश्ता, स्कूबा, जेवण, फोटो. एक कागद पुढे आला, न वाचता सही केली. दमा आहे का, कान फुटलाय का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, तोंडाने कुणी विचारलं नाही. (गोळी चालू होती.) दहा-बारा मिनिटं पाण्याखाली, मागून एकाने सिलिंडर धरलेला, समोर दुसरा कॅमेरा घेऊन. मांडवी-जुवारीचा गाळ येणारं आपलं पाणी, चार हातांपलीकडे हिरवा धूर. फोटोत मात्र मी अंगठा दाखवून हसतोय. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'छान' असा नसून 'वर चला' असा असतो, हे मला मागाहून कळलं. या पराक्रमावर मी एक ललित लेखही लिहिला होता. तो कुणी जपून ठेवला असेल तर कृपा करून फाडून टाकावा.

आता मास्तरांकडे येतो. माझ्या "बघून सांगतो"ची वाट न बघता आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. सगळी तयारी त्यांनी स्वतः केली होती.

पहिलं म्हणजे महिना. मुलीचा आग्रह डिसेंबरच्या सुट्टीचा, कारण हैदराबादेत तिची रजा तेव्हाच पक्की मिळते. मास्तरांनी तो मोडला. आपल्याकडे दिवाळीनंतर आभाळ मोकळं होतं म्हणून सगळीकडे होतं असं नाही. बंगालच्या उपसागरात ईशान्य मोसमी वारे आणि वादळं डिसेंबरपर्यंत चालतात. २०१६ च्या डिसेंबरात, पुढे 'वरदा' नावाचं चक्रीवादळ झालं त्या हवेत, हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली होती. तेव्हा फेब्रुवारी. वारा पडलेला, पाणी निवळ. शिवाय तोवर तूर घरात आलेली असते, हे आळंदचं खास कारण.

दुसरं, जागा. चालत आत शिरायचं तर आपला गोवा उपयोगाचा नाही, इथे वाळू, लाटा आणि गढूळ पाणी. मालवणला आणि मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणीला बोट लागते. हॅवलॉकला (२०१८ पासून स्वराज द्वीप) नेमो रीफवर मात्र नवशिके किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरतात. पण काठावरून उतरणाऱ्याला पाण्याची वेळ सांभाळावी लागते. ओहोटीला उथळ पाण्यातली प्रवाळं आणि खडक उघडे पडतात. पाय कापतात ते वेगळंच, पण शेकडो वर्षांचं प्रवाळ एका टाचेखाली मोडतं. बोट असली तर ती खोल पाण्यात नेऊन सोडते. इथे जाताना जो ओढा आहे तोच परतताना, थकल्या पायांनी, उलटा कापायचा असतो.

आणि इथे मास्तरांनी मला गार केलं. ते म्हणाले, "भिंतीवर कालनिर्णय हाय, सोलापूरचं दाते पंचांग हाय. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जोरात ओढणार. सप्तमी-अष्टमीला भांग, पाणी सुस्त. मग आमी अष्टमी धरली." भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे त्यांना ठाऊक होतं. पण कोकणचा तिथीचा हिशेब अंदमानला लागू होत नाही हेही ठाऊक होतं, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी काढतो त्या कोष्टकात त्यांनी पोर्ट ब्लेअरचे (आताच्या श्रीविजयपुरमचे) आकडे बघितले. आणि सूर्य! घड्याळ आपलंच पण बेट कितीतरी पूर्वेला. तिथे हिवाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचला दिवस संपतो. दुपारी जेवून, वामकुक्षी घेऊन पाण्यात शिरू म्हणाल तर अंधारात बाहेर याल.

मी विचारलं, समुद्र तुमच्यापासून साडेतीनशे किलोमीटर लांब, हे सगळं सुचलं कसं? तर म्हणाले, विहिरीमुळे. लहानपणी पाठीला सुके भोपळे बांधून काकांनी विहिरीत ढकललं. भोपळे सुटल्यावर तळाला गेलेली घागर बुडी मारून वर आणायची पैज लागायची. "खोल गेलं की कानात कळ यायची. कळ आली की जास्त शहाणपणा करायचा न्हाई, वर यायचं." शाळेत पुढे त्यांनीच मुलांना शिकवलं की दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. ती कळ म्हणजे तोच दाब. नाक दाबून हळूच कानात हवा सोडायची, सुटत नसेल तर थोडं वर यायचं, हे त्यांना एका वाक्यात पटलं.

शेवटचा दिवस मोकळा ठेवायचा हेही त्यांचंच. पॅकेजवाले काय करतात? एक दिवस सेल्युलर जेल, तिथे सावरकरांच्या कोठडीपाशी डोळे पुसायचे, एक दिवस स्कूबा, आणि दुपारच्या विमानाने परत. दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो. लगेच विमानात बसलात तर तिथला दाब कमी, आणि सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं ते शरीरात होऊ शकतं. एकच साधी बुडी असेल तर निदान बारा तास, अनेक असतील तर अठरा, असा सर्वमान्य दंडक आहे. आपल्याकडच्या किती माहितीपत्रकांत तो छापलेला असतो ते बघा जरा.

तुम्ही म्हणाल, चार दिवसांची मौज, तिला एवढं शास्त्र कशाला? बरोबर. मास्तरांच्या सौ. एकच ओळखीची बुडी मारणार आहेत, प्रशिक्षकाचा हात धरून, बारा मीटरच्या वर राहून. त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्याही आधी डॉक्टरकडे जाऊन कान दाखवून आल्या, आणि एका प्रशिक्षकामागे किती माणसं असतात हे फोनवर विचारूनच पैसे भरले. मुलगी आणि जावई पूर्ण शिक्षण घेणार, तीन-चार दिवसांचं. त्यासाठी न थांबता दोनशे मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगत राहावं लागतं. दोघं सध्या रोज सकाळी तलावावर जातात. मौज यालाच म्हणतात की! माझ्या ग्रँड आयलंडच्या दहा मिनिटांत मौज फोटोग्राफरची झाली.

विहिरी आपल्याकडेही होत्या. सांजांवला, २४ जूनला, डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून आपले ख्रिस्ती शेजारी अजून बांयत उड्या घेतात. आपण काठावर उभं राहून व्हिडिओ काढतो. एके काळी आपली मुलंही तळ्यात आणि बांयत पोहायला शिकत होती. मग नळ आले, विहिरींवर जाळ्या आल्या आणि पोहणं उन्हाळी शिबिरात गेलं. हे सगळं गमावून बसल्यावरही तोरा मात्र दर्याकाठचा!

फोन ठेवताना मास्तर म्हणाले, "एक जागा शिल्लक हाय. येताव का? पवाया येतं न्हवं तुमाला?"

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. डिचोलीच्या घरामागच्या विहिरीवर आम्ही २००९ साली लोखंडी जाळी बसवली, तिच्या कुलपाची किल्ली कुठे ठेवलीय ते कालपासून शोधतोय.